मॉली पिकॉन : घरची भाषा शिकायला निघालेली नटी

मी पक्की कॉन्व्हेंटवाली. माझं मराठी ऐकून होस्टेलची अख्खी विंग हसते. आजी फराळाच्या डब्यात चिठ्ठी घालते, पण तिचं अक्षर मला लागत नाही. रूममेट वाचून दाखवते. म्हणूनच मॉली पिकॉन मला एकदम जवळची वाटली.

मॉलीचा जन्म १८९८ सालचा, न्यूयॉर्कचा. ती वाढली फिलाडेल्फियात. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांची घरची भाषा यिडिश. लिपी हिब्रू, धाटणी जर्मन आणि वरून स्लाव्ह शब्दांची फोडणी! आई नाटकवाल्यांचे कपडे शिवायची. मॉली पाचव्या वर्षीच स्टेजवर चढली. पण अमेरिकेत वाढल्यामुळे तिची यिडिश कच्चीच राहिली. १९१९ मध्ये तिने जेकब कॅलिच या नाटकवाल्याशी लग्न केलं. १९२१ मध्ये हा पठ्ठ्या तिला चक्क युरोपात घेऊन गेला, भाषा सुधारायला! तिथे नाटकं करता करता ती यिडिश शिकली आणि परतली ती स्टार होऊनच.

१९२३ च्या 'ईस्ट अँड वेस्ट' या मूकपटात ती युरोपातल्या नातेवाइकांकडे लग्नाला आलेली अमेरिकन मुलगी झाली. घरातले रीतिरिवाज तिला ठाऊकच नसतात. म्हणजे जवळजवळ स्वतःचीच गोष्ट! १९३६ मध्ये जोसेफ ग्रीनने पोलंडमध्ये 'यिडल मितन फिडल' काढला. त्यात ती मुलाचा वेश घेऊन वडिलांबरोबर गावोगाव फिडल वाजवत फिरते. तेव्हा ती ३८ वर्षांची होती, पण पडद्यावर पोरच वाटते. शूटिंग काझिमेझ डोल्नी या खऱ्या गावात झालं आणि लग्नाच्या सीनमध्ये गावातलीच माणसं बसली. १९३८ मध्ये 'मामेले', म्हणजे छोटी आई, आला.

पुढच्याच वर्षी हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. तिथल्या सुमारे ३३ लाख ज्यूंपैकी ३० लाख मारले गेले. त्या गल्ल्या, तो बाजार, ते हसरे चेहरे यांतलं बरंचसं आता फक्त रिळात उरलंय. तो सीन मी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा हसूच आलं नाही.

१९४६ मध्ये मॉली नवऱ्याबरोबर परत युरोपात गेली आणि वाचलेल्या लोकांना त्यांच्याच भाषेत हसवून आली. १९७१ च्या 'फिडलर ऑन द रूफ' या इंग्रजी सिनेमातली लग्नं जुळवणारी येंटे तीच. १९९२ मध्ये, ९४ व्या वर्षी ती गेली.

ती शिकली तेव्हा ती भाषा बोलणारी गावं होती, हे तिचं नशीब. माझी आजीही आहे. यंदाच्या दिवाळीची चिठ्ठी मी स्वतः वाचणार, अडखळत का होईना.