पॅरिसच्या दाराबाहेर गाड्या लावणारे पिनिन फारिना कोण होते?

चाकणमध्ये गाड्या बनवणाऱ्या महिंद्रा समूहाने २०१५ मध्ये इटलीची पिनिनफारिना कंपनी घेण्याचा करार केला. तिचे संस्थापक बतिस्ता फारिना, जन्म १८९३. घरी त्यांना 'पिनिन', म्हणजे धाकटा, म्हणत. भावाच्या वर्कशॉपमध्ये शिकून त्यांनी १९३० मध्ये तुरिनला स्वतःची कंपनी काढली.

महायुद्धात हरलेल्या इटलीला १९४६ च्या पॅरिस मोटर शोमध्ये प्रवेश नव्हता. पिनिन यांनी आपल्या दोन गाड्या प्रदर्शनाच्या दाराबाहेरच उभ्या केल्या.

पुढच्या वर्षी त्यांची चिसितालिया २०२ कूपे आली. तोवर मडगार्ड, बॉनेट, दिवे वेगवेगळे जोडल्यासारखे दिसत. इथे हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात सगळं एकसंध झालं. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती मांडली.

१९६१ मध्ये घरचं टोपणनाव अधिकृतपणे आडनावात आलं: पिनिनफारिना. १९६६ मध्ये ते वारले.