बिअरचा गारवा आणि लिंडे

खांडबाऱ्याला मी बँकेत होतो तेव्हा अंगणात पाहुण्यांपुढे मोहाची दारू आलेली पुष्कळदा पाहिली. तिला बर्फ लागत नसे. बिअरचे तसे नाही. तिकडे अमेरिकेत हौशी लोक जुन्या फ्रिजमध्ये बिअरचे पिंप ठेवतात, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडतात आणि अंगणातच तोटी बसवतात. पिंप तीन-चार अंशांवर राहिले नाही, तर तोटीतून नुसता फेस! हा गारवा यंत्रातून काढणाऱ्यांत अग्रणी कार्ल फॉन लिंडे. एका पाद्र्याचे चिरंजीव.

जन्म १८४२चा, बव्हेरियातला. झुरिकला विद्यार्थ्यांच्या निदर्शनांत सामील झाले म्हणून पदवीविना बाहेर पडावे लागले. तरी पुढे म्युनिकला प्राध्यापक झाले. त्या काळी बिअरवाले तळ्यांवरचा बर्फ कापून तळघरांत साठवीत. हिवाळा उबदार गेला की धंदा बसे. श्पाटेन ब्रुअरीच्या झेडल्मायर यांनी लिंडेंना प्रयोगासाठी जागा दिली. पहिले यंत्र मेथिल ईथरचे. ते नीट जमले नाही. मग अमोनिया आला. तो दाबून द्रव करायचा आणि पुन्हा वायू होऊ द्यायचा. होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. १८७९ साली, सदतिसाव्या वर्षी, प्राध्यापकी सोडून त्यांनी कंपनी काढली. जन्मभर पगारपत्रकावर सही केलेल्या मला यंत्रापेक्षा हेच धाडस मोठे वाटते.

१८९५मध्ये त्यांनी हवाच द्रवरूप केली, १९०२मध्ये तिच्यातून प्राणवायू वेगळा काढला. १९३४मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. एप्रिल २०२१मध्ये विशाखापट्टणमहून रेल्वेने नागपूर-नाशिकला टँकर आले. त्यांतला प्राणवायू हवा अशीच गारठवून काढलेला होता.