मोज्यांपासून सुरुवात

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी नेतृत्व या विषयावर लेख द्यावा, असं संपादक मंडळाने कळवलं. थोर पुरुषांवर अधिकाराने लिहिणारे सभासद आपल्याकडे आहेत. मी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली, चुन्याने मैदानं आखली, पोरांना बास्केटबॉल खेळवला. त्यामुळे माझ्या मनात नाव आलं ते एका कोचचं : जॉन वुडन. आपल्याकडे या खेळाचं वेड फारसं नाही, म्हणून नाव अनोळखी वाटेल. अमेरिकेत मात्र कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वात मोठा कोच कोण, असं विचारलं तर आजही बहुतेक जण त्यांचंच नाव घेतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे यूसीएलएचा, संघ त्यांच्या हाताखाली १२ वर्षांत १० वेळा देशाचा विजेता झाला. त्यातली ७ अजिंक्यपदं ओळीने. एकदा तर सलग ८८ सामने हा संघ हरलाच नाही.

पण मला त्या १२ वर्षांपेक्षा त्याआधीची वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. यूसीएलएमध्ये आल्यावर पहिलं अजिंक्यपद मिळायला वुडन यांना १६ हंगाम लागले. ही गोष्ट २५ वर्षं पूर्ण करणाऱ्या सोसायटीने ऐकण्यासारखी आहे.

त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१० चा, इंडियाना राज्यातला. शेतकरी कुटुंब, घरात वीज नाही. वडिलांनी कोठाराच्या भिंतीवर टोमॅटोची टोपली ठोकून दिली आणि आईने जुन्या मोज्यांत चिंध्या कोंबून चेंडू शिवून दिला. मुलांचं बास्केटबॉल तिथे सुरू झालं. पुढे डुकरांना दिलेली लस खराब निघाली, जनावरं गेली आणि गहाण असलेली शेतीही गेली. वडिलांनी नशिबाला किंवा कुणाला दोष दिल्याचं मुलांनी कधी ऐकलं नाही. खोटं बोलू नये, फसवू नये, चोरी करू नये. आणि रडगाणं गाऊ नये, तक्रार करू नये, सबबी सांगू नयेत. एवढीच त्यांची शिकवण. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या घरात शोभेल अशी.

गावच्या शाळेच्या संघातून वुडन राज्य विजेते झाले, पुढे पर्ड्यू विद्यापीठाचे नामवंत खेळाडू झाले. नेल ही त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. १९३२ मध्ये लग्न ठरलं आणि नेमकी त्याच वेळी बँक बुडाली. साठवलेले ९०० हून अधिक डॉलर गेले. उसने पैसे घेऊन लग्न लागलं. नंतर शाळेत इंग्रजीचे शिक्षक आणि संघाचे कोच अशी दुहेरी नोकरी. केंटकीमधल्या शाळेतला पहिलाच हंगाम असा गेला की जिंकलेल्यांपेक्षा हरलेले सामने जास्त. मग साउथ बेंडची शाळा, मग महायुद्धात नौदल.

शाळेत असतानाच त्यांना एक गोष्ट खुपत होती. मुलाला अव्वल श्रेणी मिळाली नाही की पालक मुलाला तरी नाहीतर शिक्षकाला तरी अपयशी ठरवत. वुडन यांनी यशाची स्वतःपुरती व्याख्या केली : आपल्याला जेवढं चांगलं होता येईल तेवढं होण्यासाठी आपण मनापासून झटलो, हे स्वतःला ठाऊक असण्याचं समाधान म्हणजे यश. त्यावर विचार करत त्यांनी गुणांचा एक पिरॅमिड रचला. पायाच्या एका कोपऱ्यात कष्ट, दुसऱ्या कोपऱ्यात उत्साह. तो पूर्ण व्हायला १९३४ ते १९४८ अशी १४ वर्षं लागली.

युद्धानंतर ते इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजमध्ये गेले. १९४७ मध्ये संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. पण त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती आणि संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता. तो काही संघाचा मुख्य खेळाडू नव्हता, राखीव होता. त्याला घरी ठेवून जाणं सहज जमलं असतं. वुडन यांनी आमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी बाहेरूनही दबाव आल्यावर बंदी उठली, आणि वॉकर त्या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. संघ अंतिम सामना हरला. मला विचाराल तर वुडन यांच्या १० अजिंक्यपदांच्या शेजारी हा हरलेला सामना मांडायला हरकत नाही. राखीव बाकावरच्या माणसासाठी जो थांबतो, त्याच्यासाठी मग सगळा संघ धावतो.

१९४८ मध्ये ते यूसीएलएला गेले, तेही गंमतच. मनापासून जायचं होतं मिनेसोटाला. ठरलेल्या वेळी त्यांचा फोन आला नाही, म्हणून यूसीएलएला होकार दिला. हिमवादळामुळे लाइन बंद होती, हे थोड्या वेळाने मिनेसोटाचा फोन आल्यावर कळलं. पण शब्द दिला तो दिला. दोन वर्षांनी पर्ड्यूने बोलावलं. तेव्हा यूसीएलएने आठवण करून दिली की तीन वर्षांच्या कराराचा आग्रह तुमचाच होता. पुन्हा राहिले.

तिथे सोयी कशा होत्या? सराव जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. त्याच हॉलमध्ये एका बाजूला जिम्नॅस्टिक्सवाले, दुसऱ्या बाजूला कुस्तीवाले. घामाचा असा वास की मुलांनी हॉलला त्यावरूनच नाव पाडलेलं. आगीच्या धोक्यामुळे प्रेक्षकसंख्येवर मर्यादा आली, तेव्हा घरचे सामनेही दुसरीकडे भरवावे लागले. सरावाआधी जमीन झाडून-पुसून घ्यायची, तर हे काम सुरुवातीच्या वर्षांत खुद्द कोचच करत.

आता मोज्यांचं सांगतो. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी वुडन आपल्या खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवत. देशभरातून निवडून आणलेली ही मुलं, त्यातली काही सात फुटी, आणि त्यांना पहिला धडा मोज्यांचा! मोजा पायावर चढवायचा, टाचेपाशी आणि करंगळीपाशी हात फिरवून सुरकुती काढायची, मगच बूट. बूट बरोबर मापाचा, नाडी आवळून बांधलेली. कारण सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव चुकतो, आणि सराव चुकलेला गडी ऐन सामन्यात कमी पडतो. मी कित्येक मुलांच्या पायांचे फोड बघितले आहेत, त्यामुळे मला हा धडा हास्यास्पद मुळीच वाटत नाही. सामना हातातून निसटताना सगळ्यांना दिसतो, मोज्याची सुरकुती कुणाला दिसत नाही.

सरावाचंही तसंच. रोजचा आराखडा छोट्या कार्डांवर मिनिटामिनिटाने लिहिलेला. कोणता सराव किती मिनिटं, कोण कुठे उभा, चेंडू किती लागणार, सगळं आधी ठरलेलं. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ १५ सराव बघायला बसले. कोचच्या शिकवण्यातल्या २,३२६ कृती त्यांनी टिपल्या. सुमारे तीन चतुर्थांश कृतींत काहीतरी माहिती होती : काय करायचं, कसं करायचं, का करायचं. कौतुक ७ टक्क्यांहून कमी, रागावणंही तेवढंच. भाषण नाही, आरडाओरडा नाही. चूक झाली की बरोबर कसं करायचं ते दाखवायचं, मग चुकीचं झालं ते दाखवायचं, पुन्हा बरोबर दाखवायचं, की पुढे सराव चालू. सामन्याच्या वेळी मात्र ते हातात कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी धरून बाकावर बसत आणि खेळ थांबवून सूचना देण्याची सवलत शक्यतो घेत नसत. आपलं काम आठवडाभरात झालं, आता मुलांचं काम, असा त्यांचा हिशोब.

१९६३-६४ मध्ये त्यांच्याकडे उंच खेळाडू नव्हतेच. सुरुवातीच्या पाचांतला सर्वात उंच मुलगा साडेसहा फुटांच्या आतला. तेव्हा त्यांचे तरुण सहायक जेरी नॉर्मन यांनी सुचवलं की आपण पूर्ण मैदानभर पसरून समोरच्या संघाला चेंडू पुढे आणूच देऊ नये. वुडन यांचं वय ५३, अनुभव ३० वर्षांचा. तरी त्यांनी धाकट्याचं ऐकलं. त्या हंगामात ३० सामने खेळले आणि ३० जिंकले. पहिलं अजिंक्यपद ते.

मग मोठे खेळाडू आपणहून येऊ लागले. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, आणि त्यांच्यानंतर बिल वॉल्टन. वॉल्टन व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या निदर्शनात अटक झालेला, मनस्वी मुलगा. एकदा हंगामाच्या सुरुवातीला दाढी वाढवून आला आणि तो आपला हक्क आहे म्हणाला. वुडन यांनी त्याच्या ठामपणाचं कौतुक केलं आणि शांतपणे सांगितलं की संघाला तुझी उणीव भासेल. वॉल्टन सायकल दामटत दाढी करायला गेला. नियम तोच, देशातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही आणि राखीव मुलालाही. मात्र मत बदल, असं वुडन यांनी त्याला कधी सांगितलं नाही. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली.

माणूस देव नव्हता. पंचांना आणि समोरच्या खेळाडूंना बाकावरून टोचून बोलण्याची त्यांना सवय होती. एक धनाढ्य बिल्डर खेळाडूंना नियमात न बसणारी मदत करत असे. त्याला त्यांनी वेळीच रोखलं नाही, ही टीका आजही होते. १९८१ मध्ये विद्यापीठावर कारवाई झाली, तेव्हा वुडन निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. मोज्याची सुरकुती ज्यांना दिसत होती, त्यांना हे दिसलं नाही, की त्यांनी बघितलं नाही? हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाही चुकवता येत नाही, आणि हिशोब सांभाळणाऱ्या कुठल्याही कमिटीने तो डोळ्यांपुढे ठेवावा.

१९७५ मध्ये उपांत्य सामना जादा वेळेत एका गुणाने जिंकल्यावर खोलीत जाऊन त्यांनी मुलांना निवृत्तीचं सांगितलं. दोन दिवसांनी १० वं अजिंक्यपद आलं. आणि इथेच या गोष्टीतला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग सुरू होतो. त्यांच्या जागी आलेल्या जीन बार्टो यांनी दोन हंगामांत ५२ सामने जिंकले, फक्त ९ हरले. पहिल्याच वर्षी संघ देशातल्या शेवटच्या चारांत होता. तरी लोकांचं समाधान होईना. प्रत्येक पराभवाला वुडन असते तर, हे वाक्य जोडलेलंच. बार्टो दोन वर्षांत निघून गेले. पुढचं अजिंक्यपद यायला १९९५ उजाडलं. २० वर्षं, आणि सहावा कोच. त्या सहांपैकी तिघे वुडन यांच्याच हाताखाली खेळलेले होते. उलट त्यांचेच शिष्य डेनी क्रम यांनी दूर लुइव्हिलला जाऊन दोन अजिंक्यपदं मिळवली. म्हणजे शिष्य तयार झाले होते, विद्याही पोचली होती. यूसीएलएच्या त्या खुर्चीत मात्र नव्या माणसाला मोकळेपणी बसू दिलं गेलं नाही.

मंडळी, आपल्याकडेही हाच प्रश्न आहे. २५ वर्षं त्याच पाच-सात जणांनी टाकीच्या सफाईपासून लिफ्टच्या करारापर्यंत सगळं बघितलं. त्यांचे उपकार आहेतच. पण वार्षिक सभेत कमिटीसाठी नवीन नावं सुचवा म्हटलं की सगळे मान खाली घालतात. आळस हे त्याचं कारण मला वाटत नाही. आपली तुलना होईल, ही धास्ती आहे. जुन्या मंडळींनी आता वुडन यांच्यासारखं बाकावर बसायला शिकायला हवं. फायली, चाव्या, प्लंबरचा नंबर, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा, हे सगळं आधी नीट शिकवायचं आणि मग गप्प बसायचं. आणि आपण बाकीच्यांनी नव्या सेक्रेटरीची पहिली चूक झाली की जुन्यांचं नाव काढायचं नाही.

नेल १९८५ मध्ये गेल्या. त्यानंतर वुडन दर महिन्याच्या २१ तारखेला त्यांना पत्र लिहीत आणि त्यांच्या उशीवर ठेवत. राहत होते लॉस एंजेलिसजवळ एन्सिनोला, एका साध्या फ्लॅटमध्ये. होय, आपल्यासारख्याच एका इमारतीत. सकाळी ठरलेल्या छोट्या हॉटेलात न्याहारी, दुपारी भेटायला येणारे पांढऱ्या केसांचे जुने खेळाडू. ४ जून २०१० रोजी, शंभरी पूर्ण व्हायला चार महिने असताना, ते गेले. त्यांच्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांनी पुढे मोज्यांच्या त्या धड्याची आठवण सांगितली.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा. येत्या वार्षिक सभेत नवीन नावं येतील, अशी आशा करतो.