नारळाच्या झावळीपासून उपग्रहापर्यंत

डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये ज्या गावात विज्ञान आश्रम उभा केला, ते शिरूर तालुक्यातील पाबळ अवर्षणप्रवण गाव. सह्याद्रीवर कोसळणारे ढग इथवर येईतो रिते होतात. मृग लागला की शेतकरी आभाळाकडे डोळे लावतो. त्याच वेळी उपग्रह वरून तेच ढग, हवेतले धूलिकण आणि खालचे शिवार न्याहाळत असतो. ही विद्या भारतात रुजवली प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी.

केरळातील कोल्लेंगोडे येथे १९०९ मध्ये त्यांचा जन्म झाला. भौतिकशास्त्र शिकवत असताना ते सुटीत बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधन करत. १९४२ मध्ये ते हवामान खात्यात आले. पुढे अमेरिकेत याकोब ब्यर्कनेस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. मिळवली. १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ते पहिले संचालक. १९६७ मध्ये ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले.

त्या काळात केरळातील नारळाच्या बागांना मूळ-मर रोगाने ग्रासले होते. पिशारोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परतवते, रोगट पान कमी. त्यामुळे छायाचित्रात निरोगी झाड लालभडक, तर रोगट झाड फिकट दिसले. भारतातील दूरसंवेदनाचा हा श्रीगणेशा मानला जातो.

हेलिकॉप्टरची जागा पुढे उपग्रहांनी घेतली. १९७९ मध्ये ‘भास्कर-१’ आणि १९८८ मध्ये ‘आयआरएस-१ए’ अवकाशात गेला. पीक, जंगल, पडीक जमीन आणि पाणीसाठे यांची नोंद वरून होऊ लागली. ढगांची उंची, धुळीचा थर हेही आज उपग्रहापर्यंत पोहोचणाऱ्या किरणांवरून ओळखतात.

पिशारोटींचे लक्ष मात्र जमिनीवरच्या पाण्याकडेही होते. वर्षातील ८,७६० तासांपैकी जेमतेम १०० तासांत देशातील बहुतेक पाऊस पडून जातो, हे त्यांनी हिशेब मांडून दाखवले. ते पाणी पडेल तिथेच अडवले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. २००२ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

ढग कुठवर आले, हे आता उपग्रह सांगतो. पडलेला पाऊस बांधाआड थांबवायचा, हे काम मात्र पाबळसारख्या गावांनाच करावे लागते.