विकला गेलेला माणूस शहर वसवतो : मलिक अंबर

आम्ही जळकोटकर नळदुर्गाचा किल्ला पाहत वाढलो. किल्ला म्हटला की राजे आठवतात. पण आपल्याच जिल्ह्यातील परांड्याच्या किल्ल्याशी अशा एका माणसाचे नाव जोडलेले आहे, ज्याला बाजारात जनावरासारखे विकले गेले होते. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म सुमारे 1548 साली इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात बगदादला पोहोचला. तिथल्या मालकाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान याने त्याला विकत घेतले. हा पेशवा स्वतः एकेकाळी गुलाम होता. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार शिकला आणि त्याच्या मृत्यूनंतर गुलामीतून मोकळा झाला. काही काळ विजापूरची चाकरी करून तो निजामशाहीत परतला.

1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतले. राज्य संपले असे सगळ्यांनी मानले, अंबरने मानले नाही. त्याने परांड्याला दुसरा मुर्तझा निजामशहा गादीवर बसवला आणि लढाई चालू ठेवली. मोठ्या फौजेशी समोरासमोर न भिडता रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, ही त्याची रीत. त्याच्या सैन्यात हबशी होते, तसेच हजारो मराठे स्वार होते. शहाजीराजे भोसले 1624 च्या भातवडीच्या लढाईत त्याच्याच बाजूने लढले. जहांगीर बादशहा तर अंबरच्या रंगावरून त्याला हिणवत असे. त्याने अंबरच्या तोडलेल्या शिरावर बाण मारतानाचे स्वतःचे चित्र काढून घेतले. प्रत्यक्षात ते शिर त्याला कधीच मिळाले नाही.

1610 च्या सुमारास अंबरने खडकी या गावी राजधानी वसवली. खडकाळ जागा, पाण्याची टंचाई. अंबरने आधी पाण्याचा विचार केला. उत्तरेच्या डोंगराकडचे झिरपते पाणी जमिनीखालच्या नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर, त्याने शहरात आणले. ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवले. हीच नहर-ए-अंबरी. 1616 साली मोगलांनी खडकी जाळली, तरी शहर पुन्हा उभे राहिले. 1626 साली अंबर वारला, त्याची कबर खुलताबादला आहे. शहराचे नाव पुढे फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर आहे. याच शहरात 1950 साली बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि मराठवाड्यातील आपल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर तिथून आला.

पण आम्हाला अंबरची आरती ओवाळायची नाही. ज्याला त्याने गादीवर बसवले, त्याच मुर्तझाच्या मृत्यूचा ठपका इतिहासकार त्याच्यावर ठेवतात. त्याने जमिनीची पाहणी करून सारा ठरवला, रयतेला दिलासा दिला, पण ती व्यवस्था पाटील-देशमुखांच्या वतनावरच उभी राहिली. गावकुसाबाहेरचा माणूस गावकुसाबाहेरच राहिला. गुलामीतून सुटलेल्या माणसालाही महारकी दिसली नाही. तिच्याविरुद्ध आवाज उठायला आपल्या जिल्ह्यात 1941 साल उजाडावे लागले, जेव्हा कसबे तडवळ्याला बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले.

मग अंबरकडून घ्यायचे काय? जन्माने लादलेली जागा ही माणसाची लायकी नसते, याचा तो चारशे वर्षांपूर्वीचा पुरावा आहे. आणि एकट्याने वर जाणे म्हणजे सगळ्यांची सुटका नव्हे, हेही त्याचेच आयुष्य सांगते. तरुण मित्रांनो, पुढच्या सहलीला परांडा पाहा, खुलताबादला जा, नहरीचे उरलेले उच्छ्वास शोधा. तिथे उभे राहून स्वतःला एकच विचारा : आपण वर आलो, तर आपल्या मागे पाणी कोणाकोणापर्यंत पोहोचले?