पंडिता रमाबाई : दुष्काळातून 'मुक्ती'कडे

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की पुणे आणि केडगाव आठवते. त्यांचा जन्म मात्र कर्नाटकातला. 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्या जन्मल्या. घरची भाषा मराठी, पण कानडीही त्यांना येत असे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून जातभाईंचा रोष ओढवून घेतला. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या मुलीला दिली.

पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडे. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला आणि गाठीचे होते नव्हते ते संपले. अनुष्ठाने झाली, उपास झाले, शेवटी झाडपाला खाण्याची पाळी आली. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईला न्यायला चार खांदेकरी मिळेनात, तेव्हा चौथ्या जागी रमाबाई स्वतः लागल्या आणि उंची कमी पडली म्हणून तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. जुन्या श्रद्धेला तडा गेला तो याच दिवसांत.

भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला, तर 1882 च्या फेब्रुवारीत पटकीने तेही गेले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी. वय अवघे तेवीस!

पुण्यात आर्य महिला समाज काढून त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचे होते, पण कानांनी अधू असल्यामुळे ते जमले नाही. त्याच वर्षी वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून दुःख संपले असे मुळीच झाले नाही. इकडे स्वकीयांनी तोंड फिरवले आणि तिकडे मठातल्या भगिनींना त्यांचे प्रश्न विचारणे खटकू लागले. येशूवर विश्वास ठेवला, पण आपली बुद्धी त्यांनी कोणाच्याही हवाली केली नाही. मला त्यांचा हाच गुण सर्वांत मोठा वाटतो.

1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यात आले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा 1893 मध्ये वादळ उठले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असे ठरलेले असल्याने पालकांचा राग अगदीच बिनबुडाचा म्हणता येत नाही. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेकांनी मुली काढून नेल्या. उरलेल्यांना घेऊन बाई कामाला लागल्या.

पुढे 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहून त्यांना आपले सोळावे-सतरावे वर्ष आठवले नसेल तर नवलच. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या. आम्हां कॉमर्सवाल्यांना इथे खर्चाचा प्रश्न पडतो. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी घेतली होती आणि तिची मुदत 1898 मध्ये संपत होती. शिल्लक पाहून पाऊल टाकणाऱ्याने अशा वेळी तीनशे तोंडे वाढवली नसती. पण बाईंनी केडगावच्या माळावर विहिरी खणल्या, झोपड्या उभारल्या. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि 'मुक्ती'तली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, सारे मुलींच्या हाती. आंधळ्या मुलींना ब्रेल शिकवले जाई.

आईच्या कामाचा वारसा मनोरमा चालवणार असे सर्वांनी धरले होते. गुलबर्ग्याची शाळा तिनेच उभी केली होती. 1921 च्या जुलैमध्ये ती वारली. तोवर रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतलेले होते, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या भाषेत. मुलगी गेल्यावरही त्यांनी मुद्रिते तपासणे थांबवले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा हे काम त्यांच्या हातून पुरे झाले होते. 1924 मध्ये ते बायबल बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवले होते 'मुक्ती'तल्याच मुलींनी.