मुरिलोचा जोसेफ

स्पेनमधील सेव्हिल नगरीत एका न्हाव्याच्या घरी चौदावे अपत्य जन्मास आले. १ जानेवारी १६१८ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. बार्तोलोमे एस्तेबान हे त्याचे नाव. आईच्या घराण्याचे मुरिलो हे नाव त्याने पुढे लावले व जगाने तेच लक्षात ठेवले. त्या काळी तिकडे न्हावीच जखमा बांधी, रक्तही काढी. त्यामुळे घर अगदीच हलाखीचे नसावे. परंतु दहाव्या वर्षाच्या सुमारास आईबाप दोघेही गेले आणि मुलगा थोरली बहीण आना हिच्या घरी आला. मेहुण्याचा धंदाही तोच. त्यांनी त्याला वाढविले. पुढे हुआन देल कास्तियो या चित्रकाराच्या हाताखाली तो शिकला.

१६४५ साली त्याचे बेआत्रिसशी लग्न झाले. १६४९ च्या प्लेगने सेव्हिलची जवळजवळ निम्मी वस्ती नेली. त्यानंतर वर्षभराच्या सुमारास त्याने काढलेले पवित्र कुटुंबाचे चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे.

चित्रात कोणाच्याही मस्तकामागे तेजोवलय नाही. डावीकडे मारिया सूत गुंडाळता गुंडाळता थांबली आहे. शेजारी कपड्यांची टोपली. बाळ येशूने मुठीत पाखरू उंच धरले आहे आणि पांढरे कुत्रे पंजा उचलून त्याकडे टक लावून बसले आहे. बाळ टेकले आहे ते मात्र जोसेफच्या गुडघ्याशी. आपल्या नंदाप्रमाणे हा पालक पिता. जुन्या चित्रांत तो बहुधा कोपऱ्यात पेंगणारा म्हातारा. येथे तो भर वयाचा, चित्राच्या मध्यभागी, सुतारकाम बाजूला ठेवून मुलाला सावरीत बसलेला. तो हात मुलाला घट्ट धरीत नाही, नुसता आधार देतो. परक्या घरी मायेने वाढलेल्या माणसालाच असा हात काढता यावा, असे आम्हांस वाटते. त्या काळी स्पेनमध्ये संत जोसेफची भक्ती वाढत होती, हेही खरेच. पण भक्तीने एवढा घरगुतीपणा येत नाही.

पुढे कीर्ती मिळाली. १६६० मध्ये सेव्हिलला चित्रकारांची अकादमी निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. १६६३ च्या अखेरीस बेआत्रिस वारली. त्याने पुन्हा लग्न केले नाही. त्याच्या मरीया व देवदूत नंतरच्या काळात इतके छापले गेले की, त्याला गोडगोड ठरविण्याची टीकाकारांत रीतच पडली. त्यांनी हे पाखराचे चित्र निवांत पाहिले नसावे.

कादिसच्या चर्चसाठी चित्र काढताना तो परातीवरून पडला, असे जुने चरित्रकार सांगतात. ३ एप्रिल १६८२ रोजी मृत्युपत्र पुरे होण्यापूर्वीच तो सेव्हिलला निवर्तला. कादिसचे अपुरे चित्र मेनेसेस ओसोरिओने पुरे केले.